उकिरड्याचे पांग

बारा वर्षांनी उकिरड्याचेही पांग फिटतात, असे आपल्याकडे म्हणतात. ही म्हण गावाकडच्या उकिरड्याची. त्यात शेण, राख, पालापाचोळा आणि उष्टेखरकटे यांपलीकडे फारसे काही पडत नसे. म्हणून काळ लोटला की त्याचे खत होई आणि ते शेतात जाई. आजच्या महानगरांचे उकिरडे मात्र पन्नास वर्षे उलटली तरी फळत नाहीत. मुंबईत देवनार येथे १९२७ पासून कचरा साठत आला. जानेवारी २०१६ मध्ये तेथे लागलेल्या आगीचा धूर अवकाशातील उपग्रहांनीही टिपला. दिल्लीतील गाझीपूरचा ढीग सप्टेंबर २०१७ मध्ये ढासळला, त्यात दोन माणसे प्राणास मुकली. कोचीजवळचे ब्रह्मपुरम मार्च २०२३ मध्ये दहा दिवसांहून अधिक काळ धुमसत होते.

वाचकहो, हे ढीग पेट का घेतात याचे उत्तर आपल्या स्वयंपाकघरात आहे. भारतीय शहरांच्या कचऱ्यात निम्म्याच्या आसपास भाग भाजीची देठे, फळांच्या साली, शिळे अन्न अशा ओल्या पदार्थांचा असतो. हे पदार्थ ढिगाखाली गाडले गेले म्हणजे त्यांना हवा मिळत नाही. हवेवाचून कुजताना त्यांतून मिथेन नावाचा वायू निघतो. तो ज्वालाग्राही आहे. शिवाय वातावरण तापविण्यात तो कर्बवायूला कितीतरी मागे टाकतो. त्याच पदार्थांना मोकळी हवा मिळाली, तर दुसऱ्या जातीचे जंतू त्यांवर काम करतात आणि दुर्गंधीऐवजी मातीचा सुवास येऊ लागतो. फरक एवढाच, पण सारे त्यावरच अवलंबून आहे.

हे शास्त्र पद्धतशीरपणे बसविले गेले ते आपल्याच देशात, होळकरांच्या इंदुरात. वनस्पतिशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड १९२४ मध्ये तेथील कृषिसंशोधन संस्थेचे प्रमुख झाले. कापसाच्या पऱ्हाट्या, गवत, पालापाचोळा यांचे थर, त्यांवर शेण, गोमूत्राने भिजलेली माती आणि लाकडाची राख अशी त्यांची रचना होती. पऱ्हाट्या टणक, म्हणून त्या रस्त्यावर पसरून गाड्यांच्या चाकांखाली चिरडून घेत. किती साधी युक्ती! थर लावलेला खड्डा आतून तापे आणि ठरावीक अंतराने तीनदा उलथला की सुमारे तीन महिन्यांत खत तयार होई. हॉवर्ड आणि त्यांचे सहकारी यशवंत वाड यांचा या विषयावरील ग्रंथ १९३१ मध्ये प्रसिद्ध झाला आणि ‘इंदूर पद्धती’ हे नाव जगभर गेले. १९३५ मध्ये महात्मा गांधी इंदुरास आले असता हे काम पाहावयास गेले होते. म्हणीतील बारा वर्षे तीन महिन्यांवर आली ती अशी.

त्याच इंदूरने पुढे आणखी एक धडा घालून दिला. देवगुराडिया येथील सुमारे १०० एकरांवर पसरलेला कचऱ्याचा जुना ढीग तेथील महापालिकेने उकरून, चाळून मोकळा केला. फेब्रुवारी २०२२ मध्ये त्याच परिसरात दररोज ५५० टन ओला कचरा पचवू शकणारा प्रकल्प सुरू झाला. बंद टाक्यांत मिथेन मुद्दाम निर्माण करून, शुद्ध करून, वाहनांसाठी वापरावयाचा आणि उरलेल्या चोथ्याचे खत करावयाचे, अशी ही योजना. जो वायू ढिगावर आग लावतो, तोच येथे बसगाड्या चालवितो.

परंतु यंत्राचे कौतुक करताना एक गोष्ट विसरता कामा नये. हा प्रकल्प चालतो तो इंदूरची घरे ओला कचरा निराळा देतात म्हणून. एकदा का भाजीच्या देठांत फुटकी काच, बॅटरीचे सेल आणि प्लॅस्टिक मिसळले, की त्यांची फारकत पुढे कोणतीही चाळण पुरतेपणी करू शकत नाही. अशा मिश्र कचऱ्याच्या खतात काचेचे कण येतात, शिसे आणि कॅडमियम यांसारखे जड धातू येतात; मग शेतकरी ते शेतात टाकावयास कचरतो, आणि त्याचे काय चुकले? २०१६ च्या केंद्रीय नियमांनी कचरा घरातच वेगळा करण्याचे बंधन घातले, त्याचे मर्म हेच आहे. मोरीपाशी जे काम दोन क्षणांत होते, ते गावाबाहेर दोन दिवसांतही होत नाही.

आता आपल्या घरापुरते पाहू. अंगण नसले तरी अडत नाही. सज्जातील कोपरा पुरतो. दोन मोठ्या कुंड्या घ्याव्यात, तळाशी आणि बाजूंना भोके असावीत. तळाशी सुकी पाने अंथरावीत आणि पूर्वीचे खत किंवा थोडे शेण विरजणासारखे घालावे. मग रोजची देठे व साली बारीक चिरून टाकाव्यात आणि प्रत्येक वेळी वर सुक्या पानांचा थर द्यावा. लाकडाचा भुसा चालतो. किनारपट्टीवरील वाचकांना काथ्याचा भुसा सहज मिळेल. ओलावा पिळलेल्या फडक्याइतका असावा. कुंडीला वास येऊ लागला तर पाणी फार झाले असे समजून सुका पाला वाढवावा आणि काठीने उलथावे. मुंग्या झाल्या तर ती कोरडी पडली आहे, थोडे पाणी शिंपडावे. तेलकट पदार्थ, मांसमच्छी आणि हाडे नवख्याने टाळावीत.

एक कुंडी भरली की ती झाकून ठेवावी आणि दुसरी सुरू करावी. दोनतीन महिन्यांत पहिलीतील ऐवज निम्म्याहून कमी होतो, काळसर आणि भुसभुशीत दिसतो. तो चाळून घ्यावा. आंब्याच्या कोयी, नारळाची शेंडी असे न कुजलेले तुकडे चाळणीत राहतील. ते टाकू नयेत, पुढच्या कुंडीच्या तळाशी घालावेत, म्हणजे विरजण वेगळे शोधावे लागत नाही.