कबुतरांची जाळी आणि आत्याचं वायफाय

हैदराबादच्या नारायणगुड्यात केशव मेमोरियल शाळेपासून चालत पाच-सात मिनिटांवर आमच्या आत्याचं घर आहे. शाळा न्यायमूर्ती केशवराव कोरटकरांच्या नावाची, आणि घरही निजामाच्या जमान्यातलं. दगड-चुन्याच्या दीड फूट जाड भिंती, मध्ये अंगण, दारांच्या वर उंच रोशनदानं. मे महिन्यातही आतल्या खोलीत पंख्यावर भागतं. त्याच खोलीत वायफाय मात्र पोचत नव्हतं. फोनवर नातीचा चेहरा यायचा, तोंड उघडं असताना थिजायचा, आणि आत्या फोन घेऊन अंगणात यायची. "अरे, उन्हात बसून किती बोलू मी?"

केबलवाल्या पोराने भिंतीवर थाप मारून निकाल दिला, "इत्ती मोटी दीवार है साब, डब्बा क्या करता?" आणि लगोलग सहा अँटेनांचा नवा डब्बा सुचवला. त्याचं अर्धं बरोबर होतं.

डब्बा बदलून फारसं का साधत नाही? एक तर जोराला कायद्याचं कुंपण आहे. 2.4 गिगाहर्ट्‌झचा पट्टा भारतात 2005 पासून परवान्याशिवाय वापरता येतो, पण अँटेनासकट जोर 4 वॅटच्या आत. दुसरं, हे बोलणं दुतर्फा आहे. राउटर कितीही ओरडला तरी फोनला उत्तर द्यावं लागतं, आणि बॅटरी वाचवायची म्हणून फोनचा आवाज मुळातच बारीक. बहिऱ्याशी मोठ्याने बोललं म्हणून बहिऱ्याला ऐकू येईल. मुक्याचं काय करणार?

अँटेनांची गंमत वेगळीच. काठीसारख्या अँटेनातून निघणाऱ्या लहरींचा आकार मेदुवड्याचा असतो. ताटात आडव्या ठेवलेल्या वड्याच्या भोकात अँटेना उभी खोचली आहे असं समजा. पीठ जिथे, तिथे लहरी. काठीच्या टोकाकडे, म्हणजे भोकाच्या रेषेत, जवळपास काहीच नाही. आणि आपण काय करतो, तर अँटेना बंदुकीसारखी अडचणीच्या खोलीकडे रोखतो! नेमकं भोक त्या खोलीच्या वाट्याला. 'जास्त डेसिबल'ची अँटेनाही पीठ वाढवत नाही, तेच पीठ थापून पातळ करते. वड्याचा डोसा झाला की त्या मजल्यावर लांबवर पुरतो, पण माडीवरचे उपाशी राहतात. घर एकमजली असेल तर अँटेना सरळ उभ्या ठेवाव्यात. माडी असेल तर एखादी आडवी करावी.

आता भिंतीकडे. लहरीला घर आपल्यासारखं दिसत नाही. 2.4 गिगाहर्ट्‌झच्या लहरीची लांबी साधारण साडेबारा सेंटिमीटर, 5 गिगाहर्ट्‌झची त्याच्या निम्म्याहूनही थोडी कमी. बंद सागवानी दार या लहरींना जवळजवळ उघडंच. डोळ्याला आरपार दिसणारी माशांची टाकी मात्र त्यांना गिळते, कारण पाणी या लहरी शोषतं. लोखंडी कपाट त्या परत फिरवतं, आरशामागचा धातूचा मुलामाही तेच करतो. दीड फूट दगड दोघींनाही जड, त्यातही 5 गिगाहर्ट्‌झवाली अधिक लवकर दम तोडते. म्हणून आतल्या खोलीसाठी मी 2.4च निवडला. त्यात एक खोट आहे, गर्दीची. पट्टा अरुंद, एकमेकांत न मिसळणारे चॅनेल तीनच, 1, 6 आणि 11, आणि शेजारच्या अपार्टमेंटमधली वीसेक नेटवर्कं त्यातच कोंबलेली. आत्याचा राउटर 6वर होता, तो 11वर नेला. दोन मिनिटांचं काम.

मग फोनवर मोजमाप घेतलं. सिग्नलचा आकडा उणे डेसिबलमध्ये येतो. तीनचा फरक म्हणजे शक्ती निम्मी, दहाचा म्हणजे दहावा हिस्सा. आत्याच्या पलंगावर उणे 84. राउटर टीव्हीच्या मागे, लोखंडी कपाटाच्या कुशीत बसला होता. तो काढून मधल्या खोलीत उंच फळीवर, रोशनदानाच्या बरोबर समोर ठेवला. हिशेब सोपा होता: दगड आडवा येतो, तर दगडातल्या भोकातून जा. आकडा आला उणे 78. चौपट झालं खरं, पण दोन फुटी भोकातून याहून बरंच जास्त यायला हवं होतं.

स्टुलावर चढून पाहिलं तेव्हा कळलं. कबुतरं येऊ नयेत म्हणून रोशनदानाला अर्ध्या इंची भोकांची लोखंडी जाळी ठोकली होती.

आणि मला नारायणगाव आठवलं. तिथून जवळ, खोडदला, गोविंद स्वरूप यांनी उभारलेली जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे. 30 अँटेना, प्रत्येक थाळी 45 मीटर व्यासाची, पण थाळी भरीव पत्र्याची नाही, पोलादी तारांच्या जाळीची आहे. भोकं 10 ते 20 मिलिमीटरची. आकाशातल्या हायड्रोजनच्या लहरींची लांबी 21 सेंटिमीटर, तेव्हा इतकी बारीक भोकं तिच्या लेखी नसल्यातच जमा. वारा आरपार जातो, लहर परत फिरते. म्हणून थाळ्या हलक्या आणि स्वस्त करता आल्या. खोडदला ज्या युक्तीचं कौतुक, तीच नारायणगुड्यात आत्याच्या मुळावर आली होती. साडेबारा सेंटिमीटरच्या लहरीसमोर सव्वा सेंटिमीटरची भोकं म्हणजे पत्राच.

लोखंडी जाळी काढून नायलॉनची लावली. उणे 66. आधीच्या सोळापट.

प्रत्येक घराला असं रोशनदान नसतं, हे कबूल. नव्या फ्लॅटमध्ये काँक्रीट आणि सळया आडव्या येतात. तिथे सरळ नेटवर्कची तार ओढून आत दुसरा डब्बा बसवावा, हे माझं मत. भिंतीत खोचायचे स्वस्त रिपीटर मी टाळतो. ऐकणं आणि पुन्हा सांगणं एकाच रेडिओवर चालत असेल तर वेग साधारण निम्मा होतो.

आत्या आता पलंगावरूनच बोलते. काढलेली लोखंडी जाळी तिने टाकू दिली नाही. गच्चीवर सांडगे वाळत घातले की ती वर पालथी घालते, कबुतरांसाठीच.