नवा संगणक आणि घरांतील विमान

विमान चालविण्याची विद्या जमिनीवर बसून शिकतां येईल काय, हा प्रश्न आजचा नाहीं. अमेरिकेंतील बिंगहॅम्टन या गांवीं एडविन लिंक हा तरुण वडिलांच्या पियानो व ऑर्गन बनविण्याच्या कारखान्यांत काम करीत असे. ऑर्गनला हवा पुरविणाऱ्या भात्यांचाच उपयोग करून त्यानें १९२९ सालीं एक लहानसें कृत्रिम विमान तयार केलें. तें जमीन सोडीत नसे. परंतु आंत बसणाऱ्यानें दांडा हलवितांच तें खऱ्या विमानाप्रमाणें कले, वळे व डोले. प्रथम लोकांनीं त्याकडे करमणुकीचें साधन म्हणूनच पाहिलें. पुढें १९३४ सालीं अमेरिकन सैन्याकडे हवाई टपालाचें काम सोंपविण्यांत आलें आणि वाईट हवेंत अनेक वैमानिक प्राणांस मुकले, तेव्हां सैन्यानें अशीं सहा यंत्रें विकत घेतलीं. खेळणें आणि विद्या यांमधील अंतर किती थोडें असतें, हें त्या प्रसंगानें दिसून आलें.

तेंच यंत्र आज सुशिक्षित घरांतील मेजावर येऊन बसलें आहे. ब्रूस आर्टविक यांनीं रचलेल्या प्रोग्रामावरून मायक्रोसॉफ्टनें १९८२ सालीं आपला पहिला फ्लाइट सिम्युलेटर बाजारांत आणला. त्याच मालिकेंतील ‘एफएसएक्स’ २००६ सालीं निघाला आणि पुढील दहा-बारा वर्षें घरोघरच्या हौशी वैमानिकांनीं त्याचीच साथ धरली. त्याच्यासाठीं कोणी निरनिराळीं विमानें विकत घेतलीं, कोणी विमानतळ घेतले. आतां तो जुना संगणक थकला आहे. त्यांतच विंडोज १० चा नेहमींचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं संपला आणि पुष्कळ जुने संगणक विंडोज ११ स्वीकारीत नाहींत. नवा संगणक घेणें भाग पडतें, आणि मग घरांत प्रश्न उभा राहतो: जुनाच सिम्युलेटर ठेवावा, कीं नवा घ्यावा?

येथें बहुतेकांची जी चूक होते ती क्रमाची. प्रथम दुकानांत जाऊन महाग संगणक आणावयाचा आणि मग त्यावर काय चालवावें याचा विचार करावयाचा, हा क्रम उलटा आहे. आधीं उड्डाणाचा हेतु ठरावा, हेतूवरून सिम्युलेटर ठरावा, आणि सिम्युलेटरवरून संगणक ठरावा.

हें कां, तें एफएसएक्सच्या उदाहरणावरून स्पष्ट होईल. हा प्रोग्राम ३२ बिटांचा आहे. अशा प्रोग्रामाला चार गिगाबाइटांपलीकडील स्मृति वापरतांच येत नाहीं. नव्या संगणकांत ६४ गिगाबाइट रॅम बसविली, तरी त्यांतील साठ त्याच्यापुरती कुलुपांतच राहते. जड विमान व दाट शहर एकत्र आलें कीं ती चार गिगाबाइटांची कोठी भरते आणि उतरण्याच्या ऐन वेळीं प्रोग्राम बंद पडतो. शिवाय त्याचें बहुतेक ओझें प्रोसेसरच्या एकाच गाभ्यावर पडतें. बाकीचे गाभे स्वस्थ बसतात. म्हणजे नव्या यंत्रासाठीं मोजलेल्या पैशाचा मोठा भाग जुन्या प्रोग्रामापर्यंत पोंचतच नाहीं. लग्नांत आठ आचारी बोलवावेत आणि चूल एकच असावी, तशी ही गोष्ट आहे.

नव्या पिढींतील सिम्युलेटर ६४ बिटांचे असून त्यांच्यांत मुख्यतः तीन वाटा दिसतात.

पहिली वाट मायक्रोसॉफ्टची. फ्रान्समधील बोर्दो येथील असोबो स्टुडिओनें तयार केलेला नवा फ्लाइट सिम्युलेटर ऑगस्ट २०२० मध्यें आणि त्याच्या पुढील आवृत्ति नोव्हेंबर २०२४ मध्यें प्रसिद्ध झाली. यांत पृथ्वीचा पृष्ठभाग उपग्रहांच्या व विमानांतून घेतलेल्या छायाचित्रांवरून उभा केला आहे. हीं चित्रें कोणत्याही घरगुती संगणकांत मावणारीं नव्हेत. म्हणून तीं उड्डाण चालूं असतां इंटरनेटवरून येत राहतात. २०२० च्या आवृत्तीस डिस्कवर सुमारें १५० गिगाबाइट जागा लागे. २०२४ च्या आवृत्तीस ५० पुरते, कारण अधिक भार इंटरनेटवर टाकला आहे. मात्र तिला रॅम किमान १६ गिगाबाइट लागते, ३२ असावी अशी शिफारस आहे, आणि इंटरनेटचा वेग सेकंदास ५० मेगाबिट असावा असें सांगितलें आहे. ज्या घरीं पावसाळ्यांत जोडणी वारंवार तुटते, तेथें सह्याद्रीचीं शिखरें मेणासारखीं वितळलेलीं दिसूं लागलीं, तर दोष संगणकाचा नसतो.

दुसरी वाट एक्स-प्लेनची. अमेरिकेंतील ऑस्टिन मायर यांनीं १९९० नंतरच्या दशकांत हा सिम्युलेटर निर्माण केला. त्याची बारावी आवृत्ति डिसेंबर २०२२ मध्यें पूर्ण स्वरूपांत निघाली. याचा विशेष उड्डाणाच्या गणितांत आहे. जुन्या पद्धतींत विमानाची वागणूक आधीं तयार केलेल्या कोष्टकांतून काढीत. एक्स-प्लेन विमानाचे पंख, शेपटी व पंखा यांचे बारीक तुकडे कल्पितो आणि प्रत्येक तुकड्यावर हवेचा किती जोर पडतो हें सेकंदास अनेक वेळां मोजतो. मायक्रोसॉफ्टच्या नव्या सिम्युलेटरनेंही आतां पृष्ठभागाचे भाग पाडून हिशेब करण्याची रीति घेतली आहे. त्यामुळें या बाबतींतील अंतर पूर्वींइतकें राहिलें नाहीं. एक्स-प्लेनची जमीन तितकी देखणी नसते; परंतु ती डिस्कवरच असल्यानें इंटरनेटवांचून उड्डाण करतां येतें. शिवाय तो विंडोज, मॅक व लिनक्स या तिन्हींवर चालतो. मायक्रोसॉफ्टचा सिम्युलेटर मॅकवर चालत नाहीं. घरीं मॅक घ्यावयाचा ठरला असेल, तर निवड तेथेंच संपली.

तिसरी वाट फ्लाइटगियरची. १९९० नंतरच्या दशकांत आरंभलेला हा प्रोग्राम जगभरच्या स्वयंसेवकांनीं वाढविला असून तो पूर्णपणें विनामूल्य आहे. त्याच्यांत ठाकठिकी कमी आहे. पण हौस टिकणार कीं नाहीं हें पाहण्यास याहून स्वस्त कसोटी नाहीं. एक्स-प्लेनचाही मर्यादित नमुना पैसे न देतां मिळतो.

जुन्या खरेदीचें काय, हा मनाला लागणारा प्रश्न उरतोच. एफएसएक्ससाठीं घेतलेलीं विमानें व विमानतळ नव्या सिम्युलेटरांत बहुधा जसेच्या तसे चालत नाहींत. झालेला खर्च गेला असें समजावें. तो वांचविण्यासाठीं नवा संगणक जुन्या कुंपणांत बांधून ठेवणें म्हणजे दुसरा तोटा पहिल्याच्या पोटीं घालणें होय. जुना संगणक चालतो आहे तोंवर एफएसएक्स त्याच्यावरच राहूं द्यावा.

हेतु ठरवितांना घरांतील खऱ्या वैमानिकाकडे पाहावें. निवृत्त गृहस्थांना आपलें गांव आकाशांतून पाहावयाचें असेल आणि इंटरनेट चांगलें असेल, तर मायक्रोसॉफ्टची वाट बरी. विमान असें कां वागतें हें ज्याला समजून घ्यावयाचें आहे, त्याला एक्स-प्लेन मानवेल. घरांतील मुलगी वा मुलगा वैमानिक होऊं इच्छित असेल, तर एक गोष्ट स्पष्ट सांगावी: घरच्या मेजावरील तास परवान्याच्या हिशेबांत धरले जात नाहींत. उपकरणें वाचणें आणि कामांचा क्रम अंगीं बाणणें, एवढें मात्र येथें उत्तम शिकतां येतें. अशा विद्यार्थ्याची दृष्टि उपकरणांनाच खिळून राहते आणि बाहेरच्या क्षितिजाकडे जात नाहीं, ही संवयही वेळींच मोडावी लागते.

खर्चाची वांटणी करतांना सर्व पैसा ग्राफिक्स कार्डावर घालूं नये. प्रत्येक गाभा वेगवान असलेला प्रोसेसर, पुरेशी रॅम आणि एसएसडी यांकडे प्रथम लक्ष द्यावें, आणि चांगल्या जॉयस्टिकसाठीं व पायांच्या पेडलांसाठीं कांहीं रक्कम राखून ठेवावी. पडदा मोठा असला, पण विमान कळफलकावर चालवावें लागलें, तर हाताला कांहींच शिकतां येत नाहीं.

शेवटीं एक सोपी कसोटी. १५ ऑक्टोबर १९३२ रोजीं जे. आर. डी. टाटा कराचीहून अहमदाबादमार्गें टपाल घेऊन एका लहानशा विमानांतून मुंबईस जुहू येथें उतरले. निवडलेल्या सिम्युलेटरवर एक साधें एकपंखी विमान घेऊन अहमदाबादहून जुहूपर्यंत उडून पाहावें. वाटेंत चित्र अडखळलें नाहीं, समुद्रावरून धांवपट्टी ओळखूं आली आणि उतरतांना हात घट्ट झाला, तर नवा संगणक सत्कारणीं लागला असें समजण्यास हरकत नाहीं.