बटणाला नावाने हाक मारणारी टेस्ट

डोळ्यांची उघडझाप करता येत नाही म्हणून बँकेचे केवायसी अडते, ही ॲसिड हल्ल्यातून वाचलेल्या प्रज्ञा प्रसून यांची तक्रार सर्वोच्च न्यायालयात गेली. ३० एप्रिल २०२५ रोजी न्यायालयाने डिजिटल सेवा वापरता येणे हा जगण्याच्या हक्काचाच भाग ठरवला. पाठोपाठ ३१ जुलैला शेअर बाजाराची नियामक असलेल्या सेबीचे परिपत्रक आले: शेअर दलालांपासून म्युच्युअल फंडांपर्यंत सगळ्यांनी आपली संकेतस्थळे आणि ॲप दिव्यांगांना वापरता येतात की नाही हे तपासून घ्यावे. साहजिकच चर्चा सुरू झाली ती ऑडिटची. कोण करणार, कधीपर्यंत, अहवालात काय असणार.

माझे म्हणणे असे की साइट ऑडिटरच्या हाती पडते तोवर फार उशीर झालेला असतो. खरा निर्णय त्याच्या कितीतरी आधी, एखाद्या फ्रंटएंड टीममध्ये कोणीतरी बटणाचा कंपोनंट लिहून त्याची टेस्ट लिहायला बसते तेव्हाच होऊन जातो.

आजची कोणतीही मोठी साइट पानापानाने लिहिली जात नाही. बटण, तारीख निवडण्याची चौकट, ओटीपीचे रकाने, चूक दाखवणारी लाल पट्टी असे कंपोनंट एकदाच लिहून ठेवायचे आणि शेकडो ठिकाणी वापरायचे. २०१३ मध्ये फेसबुकने असे कंपोनंट लिहायचे रिॲक्ट हे साधन खुले केले आणि बघता बघता ही रीत सगळीकडे रुळली. तिचा फायदा उघड आहे, पण धोका तितकाच मोठा. बटणातली चूक एका पानावर राहत नाही, ते बटण जिथे जिथे गेले तिथे तिथे जाते. म्हणून टेस्ट लिहायला वेळ थोडाच असेल, आणि तो थोडाच असतो, तर तो आधी इथे द्यावा.

मग कंपोनंटच्या टेस्ट लिहिल्या जात नाहीत का? जातात, भरपूर. प्रश्न त्या काय विचारतात याचा आहे. २०१६ मध्ये जेस्ट या साधनात 'स्नॅपशॉट'ची सोय आली. कंपोनंटमधून निघालेले एचटीएमएल जसेच्या तसे फाइलमध्ये साठवायचे, पुढच्या वेळी वेगळे निघाले की टेस्ट फेल. लिहायला एक ओळ पुरते, कव्हरेजचा आकडा झरझर वर चढतो. पण टेस्ट फेल गेली की काय होते? स्क्रीनवर शेपन्नास ओळींचा फरक दिसतो, रिलीज संध्याकाळी असते, आणि कीबोर्डवरची 'यू' ही कळ दाबली की नवे एचटीएमएल 'बरोबर' म्हणून साठवले जाते. फरक वाचलाच जात नाही. दुसरा प्रकार बटणाला त्याच्या सीएसएस क्लासवरून शोधण्याचा. वापरणाऱ्याला त्या क्लासशी काही देणेघेणे नसते, तरी टेस्टचा सगळा जीव त्यातच अडकलेला.

२०१८ मध्ये केंट डॉड्स या अमेरिकी प्रोग्रामरने रिॲक्ट टेस्टिंग लायब्ररी आणली आणि मला वाटते या क्षेत्रातले सर्वांत महत्त्वाचे वळण तेच. त्याचा आग्रह असा की माणूस जसे ॲप वापरतो तशीच टेस्टने वापरावी. या लायब्ररीत बटण मागायची पहिली पद्धत म्हणजे भूमिका आणि नाव सांगणे: 'पुढे जा' नावाचे बटण दे. क्लास नाही, आयडी नाही.

वरवर बारीक वाटणाऱ्या या गोष्टीत काय दडले आहे ते पाहू. समजा एखाद्याने खरे बटण न वापरता साध्या 'डिव्ह'ला रंग दिला, गोल कोपरे दिले आणि क्लिक जोडला. माउसने ते उत्तम चालते. डिझायनरला, मॅनेजरला, डेमो पाहणाऱ्या ग्राहकाला ते बटणच दिसते. पण पान वाचून दाखवणाऱ्या स्क्रीन रीडरला ब्राउझर पानाची जी रचना देतो तिच्यात त्याची भूमिका बटणाची नसते. टॅब दाबत गेले तर तिथे थांबताही येत नाही. अंध व्यक्तीच्या दृष्टीने 'पुढे जा' असे काही बटण त्या पानावर नाहीच. आणि डॉड्सच्या पद्धतीने लिहिलेली टेस्टही नेमके हेच सांगते: या नावाचे बटण सापडले नाही. डिव्ह लिहिणाऱ्याने सुगम्यतेचा एकही नियम वाचलेला नसला तरी टेस्ट त्याला तिथेच अडवते. नुसते चित्र असलेले, नाव न दिलेले 'बंद करा'चे बटणही असेच पकडले जाते. एका साध्या सवयीने इतके साधत असेल तर ती प्रत्येक टीमला लागायलाच हवी.

वेबएम ही अमेरिकी संस्था दरवर्षी दहा लाख मुखपृष्ठे यंत्राने तपासते. २०२५ च्या पाहणीत ९४.८ टक्के मुखपृष्ठांवर चुका सापडल्या, पानामागे सरासरी ५१. नाव नसलेली बटणे आणि लेबल नसलेले रकाने नेहमीच्या चुकांच्या यादीत दरवर्षी असतातच.

आता उलटी बाजू, कारण इथेच बहुतेकांची फसगत होते. अशा चुका शोधणारे ॲक्स-कोर नावाचे इंजिन डीक्यू या कंपनीने २०१५ मध्ये खुले केले. ते कंपोनंटच्या टेस्टमध्ये जोडता येते आणि जरूर जोडावे. पण डीक्यूचाच दावा यंत्राने साधारण ५७ टक्के चुका सापडतात असा आहे. ब्रिटिश सरकारच्या डिजिटल सेवेने २०१७ मध्ये मुद्दाम शंभरावर अडथळे पेरून एक पान बनवले आणि बाजारातली साधने त्यावर चालवली. सर्वांत चांगल्या साधनालाही चाळीसेक टक्केच सापडले. २०१९ मध्ये व्हिएन्नाच्या मानुएल मातुझोविच याने तर कोणालाही वापरता येणार नाही असे पान लिहून त्यावर गुगलच्या लाइटहाउस या तपासणी साधनाकडून सुगम्यतेचे १०० पैकी १०० गुण मिळवून दाखवले. 'टूलने हिरवे दाखवले' हा पुरावा म्हणून कोणी पुढे केला तर हे पान समोर ठेवावे.

यंत्राला न दिसणारी चूक कशी असते याचे मला पटलेले सर्वांत चांगले उदाहरण त्याच ब्रिटिश सेवेच्या डिझाइन सिस्टिममधले आहे. आकडे भरायच्या रकान्याला एचटीएमएलमध्ये 'नंबर' हा प्रकार असतो. आकडे हवेत तर तोच द्यायचा, यात गैर काय? लेबल नीट, नाव नीट, टेस्ट हिरव्या. पण २०२० मध्ये त्या टीमने हा प्रकार काढून टाकला. रकान्यात कर्सर असताना कोणी पान सरकवायला माउसचे चाक फिरवले की आकडाच बदलायचा, आणि भरणाऱ्याला कळायचेही नाही. क्रोममध्ये चुकून अक्षरे दाबली तर ती गुपचूप गिळली जायची, चूक झाल्याचे कोणी सांगायचे नाही. काही स्क्रीन रीडर आणि बोलून टाइप करायच्या सॉफ्टवेअरची तर या रकान्यापाशी गाडी अडायची. मग त्यांनी साधा मजकुराचा रकाना घेतला आणि मोबाइलवर आकड्यांचाच कीबोर्ड उघडावा एवढी सूचना त्याला जोडली. एचटीएमएलचे प्रमाणही सांगते की पिनकोड किंवा कार्ड नंबर हा केवळ अंकांचा मजकूर, त्याला 'नंबर' म्हणू नये. तरी आपल्याकडच्या ओटीपीच्या आणि आधारच्या रकान्यांत हा प्रकार अजूनही दिसतो.

हे दोष सापडले ते खरी माणसे खरी साधने वापरताना पाहिल्यामुळे. पण एकदा सापडल्यावर ते एकाच कंपोनंटमध्ये दुरुस्त झाले आणि नवी आवृत्ती घेणाऱ्या प्रत्येक सरकारी सेवेला दुरुस्ती आपोआप मिळाली. अशी दुरुस्ती झाली की तिच्यावर दोन ओळींची टेस्ट लिहून ठेवावी. उद्या कोणी नवा मुलगा 'आकडे आहेत, मग नंबर का नाही' म्हणून ती परत फिरवायला गेला तर त्याला कारण विचारणारे कोणी असते. स्वयंचलित टेस्टचे खरे मोल मला इथे दिसते. शोधायचे काम माणसाचे, सापडलेले हातचे जाऊ न देण्याचे यंत्राचे.

मराठीच्या बाबतीत तर हे शोधायचे कामच झालेले नाही. पान मराठी, पण वर भाषा 'इंग्रजी' नोंदलेली, हा प्रकार सर्रास चालतो. ॲक्स-कोर भाषा नोंदली आहे आणि ती नोंद वैध आहे एवढेच पाहते, म्हणून टेस्ट हिरवी. स्क्रीन रीडर मात्र ती नोंद पाहून आवाज निवडतो, आणि मराठी वाक्य इंग्रजी उच्चारांच्या तोंडी देतो. बटणाची उंची 'सबमिट' या इंग्रजी शब्दावर बेतलेली असते, तिथे 'नोंदणी पूर्ण करा' आले की वेलांटीचे टोक वरून कापले जाते आणि उकार खालून. जे साधन ब्राउझर न उघडता नुसते एचटीएमएल तपासते त्याला हे कळणे शक्यच नाही, कारण ते काही रंगवतच नाही. त्यासाठी प्लेराइटसारख्या साधनाने खरा ब्राउझर उघडून चित्रे जुळवून पाहावी लागतात. त्यातही टेस्ट चालवणाऱ्या सर्व्हरवर देवनागरी फॉन्ट नसेल तर अक्षरांच्या जागी रिकामे चौकोन येतात, आणि कालचे चौकोन आजच्या चौकोनांशी जुळले म्हणून टेस्ट पास. ज्या कंपन्या मराठी ग्राहकांचा पैसा सांभाळतात त्यांनी कंपोनंटच्या टेस्टमध्ये जोडाक्षरे, रफार आणि लांबलचक मराठी शब्द घालणे ही किमान अपेक्षा आहे.

सेबीसाठी तपासणी करणाऱ्या ऑडिटरने पहिल्या बैठकीत एकच गोष्ट मागावी असे मला वाटते: तारीख निवडण्याच्या चौकटीची टेस्ट फाइल. वेबची प्रमाणे ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसीच्या मार्गदर्शिकेत या चौकटीच्या कळा ठरवून दिल्या आहेत. डाव्या-उजव्या बाणाने एकेक दिवस, पेज अपने मागचा महिना, एस्केपने बाहेर. माउसला हात न लावता जन्मतारीख भरता येते आणि बाहेर पडल्यावर कर्सर होता तिथेच परत येतो, हे त्या फाइलमध्ये तपासलेले आहे का? नसेल तर अहवालाचे पहिले पान त्याचेच असावे, आणि ती फाइल लिहून होईपर्यंत नवी रिलीज थांबवावी.