प्रवासातील वस्त्रांची घडी

दिवाळी सरली की लग्नसराई आणि तीर्थयात्रा यांचे दिवस एकदमच सुरू होतात. सोलापूर-सांगलीकडील कुटुंब सम्मेदशिखरजीला निघाले, तर दीड-दोन दिवस गाडीतच जातात. पारसनाथ स्थानकावर उतरून मधुबनला पोहोचेपर्यंत बॅगेतील कपड्यांनी वरच्या सामानाचे ओझे, फराळाच्या डब्यांच्या कडा आणि गाडीतील उष्मा हे सारे सोसलेले असते. त्यातच मध्यरात्रीनंतर उठून 27 किलोमीटरच्या वंदनेला निघायचे. अशा वेळी धर्मशाळेत इस्त्री शोधण्यास सवड कोणाला?

कपडा चुरगळतो म्हणजे काय होते, हे आधी पाहिले पाहिजे. सुती धाग्यातील तंतू ओलाव्याने सैल होतात आणि वाळताना ज्या स्थितीत असतील त्याच स्थितीत एकमेकांना धरून बसतात. इस्त्री याच गुणाचा उपयोग करून घेते; सुरकुतीही तेच करते. म्हणून इस्त्रीखालून निघालेला गरम, किंचित दमट कपडा तसाच बॅगेत कोंबणे ही चुरगळण्याची हमखास तयारी होय. प्रवासाचे कपडे आदल्या दिवशी इस्त्री करून रात्रभर मोकळ्या हवेत टांगून ठेवावेत. पॉलिएस्टर ओलाव्याला दाद देत नाही, पण उष्णतेपुढे नमते. उन्हात उभ्या असलेल्या मोटारीच्या डिकीत त्याला पडलेली वळी सहजी जात नाही. लोकर यांत सर्वांत समंजस. रात्रभर टांगली की सकाळपर्यंत बरीचशी सावरते.

तथापि सुती धोतराची सुरकुती आणि जरीच्या पदराची चीर यांना एकाच पारड्यात तोलता येत नाही. पहिली इस्त्रीने जाते, दुसरी कशानेच जात नाही. अस्सल जरीत चांदीची चपटी केलेली तार रेशमी धाग्यावर गुंडाळलेली असते आणि तिच्यावर सोन्याचा मुलामा असतो. धातूची पट्टी एकाच रेषेवर पुनःपुन्हा वाकवली तर ती तुटते; तिच्याखालचे रेशीमही मग तेथेच विरते. आजीची पैठणी घडीच्या रेषेवर फाटल्याचे दुःख अनेक घरांत आहे. तिला दोष दिला जातो वयाचा. वास्तविक दोष असतो तीस वर्षे न बदललेल्या घडीचा, आणि प्रवासात तिच्यावर ठेवलेल्या ओझ्याचा.

लग्नासाठी परगावी जाताना असा शालू किंवा पैठणी घडी न घालता गुंडाळून न्यावी. कापडाच्या व्यापाऱ्याला याचे साधन दुकानातच मिळते: ज्यावर कापड गुंडाळून येते ती पुठ्ठ्याची जाड नळी. नळीवर धुतलेले मलमलीचे कापड लपेटावे, जर जरीला घासू नये म्हणून साडीच्या थरांत मलमल घालत जावे आणि सैलसर गुंडाळी करावी. नळी नेणे शक्य नसेल तर घडी घालावी, पण प्रत्येक दुमडीत मऊ कापडाची सुरळी ठेवावी, म्हणजे दुमड गोलसर राहते. प्लास्टिकची पिशवी मात्र नको. आत दमटपणा कोंडतो आणि तांब्याच्या तारेची जर काळवंडते. अत्तर आणि डांबरगोळ्या यांचाही जरीला स्पर्श होऊ देऊ नये. हवा काढून घेण्याच्या ज्या पिशव्या हल्ली मिळतात, त्या स्वेटरांसाठी सोयीच्या. रेशमासाठी त्या शिक्षाच आहेत.

पूजेच्या धोती-दुपट्ट्याचा प्रश्न तुलनेने सोपा आहे. अहिंसेच्या विचाराने अनेक घरांनी पूजेतील रेशीम सोडले आणि सुती वस्त्र स्वीकारले. ते लवकर चुरगळते हे खरे, पण शिवलेले नसल्यामुळे सरळ गुंडाळताही येते. धोती लांबीत चौपदरी करून हाताने सपाट करावी, वर दुपट्टा ठेवावा, दोन्ही मिळून घट्ट नव्हे पण नीट गुंडाळावीत आणि धुतलेल्या सुती पिशवीत वेगळी ठेवावीत. शुद्धीही राहते आणि घडीही. प्रवासाच्या कपड्यांना कडक स्टार्च करू नये; स्टार्चची वळी चाकूसारखी उमटते.

उरलेल्या कपड्यांसाठी जुन्या बोचक्याची युक्ती आजही उत्तम आहे. झब्बे, सदरे, कुडते बॅगेत आडवे पसरावेत, त्यांची टोके बाहेर लोंबू द्यावीत. मध्यभागी आतले कपडे, मोजे, पंचा अशा मऊ वस्तूंचा गठ्ठा ठेवावा आणि बाहेरची टोके एकेक करून त्यावर ओढून घ्यावीत. कोठेही तीक्ष्ण दुमड पडत नाही. बॅग अर्धी रिकामी असेल तर कपडे हिंदकळून चुरगळतात, ठासून भरली तर दाबाने. जड वस्तू चाकांच्या बाजूला असाव्यात, कारण बॅग उभी केली की सारा भार तिकडेच येतो. खाखऱ्याचे आणि चिवड्याचे डबे मात्र कपड्यांच्या बॅगेत कदापि नसावेत. डब्याची कडा रेषा उमटवते आणि तेलाचा डाग ती रेषाही विसरायला लावतो.

कमी इस्त्री लागावी यामागे केवळ सोय नाही. अष्टमी-चतुर्दशीला आरंभ-समारंभ मर्यादित ठेवणाऱ्या काही घरांत इस्त्रीही त्या दिवशी बंद असते. वाफेच्या इस्त्रीत तर अग्नीबरोबर पाणीही आले. श्वेतांबर साधू-साध्वी आपली सारी वस्त्रे स्वतः वाहून पायी विहार करतात. रोज दोन वेळा प्रतिलेखन करताना प्रत्येक वस्त्र उलगडले जाते, जीव-जंतू आहे का हे पाहिले जाते आणि पुन्हा घडी होते. जे वस्त्र दिवसातून दोनदा उलगडते त्यावर एकच रेषा वर्षानुवर्षे बसून राहू शकत नाही. गृहस्थाच्या कपाटातील भारी साडीला मात्र वर्षभर कोणी विचारत नाही.

मुक्कामी पोहोचल्यावर चहाआधी बॅग उघडावी. सुती कपडे टांगावेत, वळीवर ओला हात फिरवावा आणि कापड ताणून वाळू द्यावे. स्नानगृहात गरम पाण्याची वाफ असताना लोकरीचे किंवा मिश्र धाग्याचे कपडे तेथे थोडा वेळ टांगले तरी काम होते. जरीला मात्र वाफ दाखवू नये. तिला इस्त्री करायचीच असेल तर उलट्या बाजूने, वर सुती कापड टाकून, मंद आचेवर करावी. परतीच्या प्रवासात वापरलेले दमट कपडे वेगळ्या पिशवीत असावेत. घरी आल्यावर शालू एक दिवस सावलीत वाऱ्यावर ठेवावा आणि कपाटात ठेवताना आधीची रेषा सोडून चार बोटे अलीकडे नवी घडी घालावी.