रक्त ‘पातळ’ करणारी गोळी

विळीवर भाजी चिरताना बोट कापलं, की आपण चिमूटभर हळद दाबून धरतो आणि पाच-सात मिनिटांत रक्त थांबतं. सगळं श्रेय हळदीला! दाबून धरल्याची मदत होते, पण मुख्य काम रक्तातल्या प्लेटलेट्स करतात. मुलांच्या शास्त्राच्या पुस्तकात त्यांना रक्तपट्टिका म्हणतात. रक्ताच्या एका घनमिलिमीटरमध्ये त्या साधारण दीड ते साडेचार लाख असतात.

रक्तवाहिनीला चीर पडली, की जवळची प्लेटलेट तिथे चिकटते. तिचा तबकडीसारखा आकार बदलून ती काटेरी होते आणि इतरांना हाक मारते. ही हाक म्हणजे थ्रॉम्बॉक्सेन नावाचं रसायन. ते तयार व्हायला सायक्लोऑक्सिजनेज, थोडक्यात ‘कॉक्स’, हे एन्झाइम लागतं. हळदीकुंकवाचं बोलावणं एकीकडून दुसरीकडे जावं, तशा भराभर प्लेटलेट्स जमतात. मग फायब्रिनचे धागे त्यांना जखडतात आणि रक्त साकळतं.

हेच हृदयाच्या अरुंद झालेल्या रक्तवाहिनीत घडलं, तर मात्र हार्ट अटॅक! म्हणून ज्यांना तो येऊन गेला आहे, अशांना डॉक्टर बहुधा रोज ॲस्पिरिनची छोटी गोळी देतात. आपण म्हणतो, “त्यांना रक्त पातळ व्हायची गोळी चालू आहे.” वास्तविक रक्त होतं तेवढंच दाट राहतं. ॲस्पिरिन ‘कॉक्स’ बंद पाडतं, त्यामुळे हाकच जात नाही. त्यातून प्लेटलेटला केंद्रक नसतं. बिघडलेलं एन्झाइम तिला पुन्हा घडवता येत नाही. तिचं आयुष्य सात ते दहा दिवसांचं, तेवढे दिवस ती मुकीच. ७५ मिलिग्रॅमची इवलीशी गोळी पुरते ती यामुळेच.

कॅलिफोर्नियातले डॉ. लॉरेन्स क्रेव्हन यांनी पाहिलं, की टॉन्सिल काढल्यावर ॲस्पिरिनयुक्त च्युइंगगम चघळणाऱ्या रुग्णांना रक्तस्राव जास्त होतो. त्यावरून त्यांनी हृदयासाठी ॲस्पिरिन सुचवलं, १९५० च्या सुमारास लेखही लिहिले. फारसं कुणी मनावर घेतलं नाही. ॲस्पिरिन नेमकं काय अडवतं, हे १९७१ साली जॉन व्हेन यांनी दाखवलं. त्यांना १९८२ चं नोबेल विभागून मिळालं.

आता घरातलं. सासऱ्यांची दाढ काढायची म्हणून आपल्याच मनाने गोळी बंद करू नका, विशेषतः स्टेंट घातलेला असेल तर. तिथे गुठळी होऊन जिवावर बेतू शकतं. दातांच्या डॉक्टरांना मात्र गोळीचं आधी सांगाच. उलट, शेजारच्या काकांना चालते म्हणून धडधाकट माणसाने ती सुरू करणंही नको. सत्तरीच्या आसपासच्या एकोणीस हजारांहून अधिक निरोगी लोकांवर ऑस्ट्रेलिया-अमेरिकेत झालेल्या अभ्यासाचे निष्कर्ष २०१८ साली आले. गोळीने हार्ट अटॅक विशेष टळले नाहीत, रक्तस्राव मात्र वाढला.

आणि पावसाळ्यातला ताप. अंग फार दुखतंय म्हणून डब्यातली ॲस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन काढून देऊ नका. ताप डेंग्यूचा निघाला तर प्लेटलेट्स आधीच घटलेल्या असतात; उरलेल्याही मुक्या झाल्या, तर रक्तस्रावाचा धोका वाढतो. डॉक्टरांना विचारून पॅरासिटामॉल द्यावी, पाणी आणि पेज थोडी थोडी पाजत राहावी, आणि हिरड्यांतून रक्त किंवा काळी शी दिसली तर त्याच पावली दवाखाना गाठावा.