काळी चार, चार बोटं खाली

गाणं सुरू व्हायला थोडा अवकाश होता. गायिका प्रेक्षकांशी बोलत होती आणि तेवढ्यात तिचा डावा हात पाठीमागे गेला. चार बोटं जमिनीकडे. पियानोवाल्यानं ती पाहिली, बासवाल्यानं पाहिली, ड्रमवाल्यानं ब्रश हातात घेतले. तिनं दोन चुटक्या वाजवल्या आणि चौघं एकदम सुरू झाले. ना तालीम, ना समोर कागद. मुंबईच्या जॅझवर लेख हवा, असं संपादकांनी सांगितलं होतं. दक्षिण मुंबईतल्या त्या छोट्या सभागृहात मी जुन्या हॉटेलांच्या गोष्टी गोळा करायला गेलो होतो, पण माझं लक्ष त्या चार बोटांवरच खिळलं.

त्यांचा अर्थ आपल्याला अनोळखी नाही. आपल्याकडे गाणारी पेटीवाल्याला हळूच 'काळी चार' म्हणते, तीच ही पट्टी. पाश्चात्त्य लिपीत हिचं नाव ए-फ्लॅट आणि तिच्यात चार फ्लॅट, म्हणजे उतरवलेले स्वर, येतात, म्हणून चार बोटं खाली. काळी पाच हवी असेल तर दोन बोटं खाली, पांढरी चारला एकच. पांढरी पाचला मात्र एक बोट वर, कारण तिथे शार्प, म्हणजे चढवलेला स्वर, आहे. गोंगाटातही कळेल अशी ही खूण जगभरच्या वादकांत चालते.

पट्टी हा कोंबोतला सगळ्यात हट्टी भाग. पियानो, बास, ड्रम आणि एखादं फुंकवाद्य एवढा छोटा ताफा म्हणजे कोंबो. ट्रंपेट आणि टेनर सॅक्सोफोन यांची घडण अशी, की वादकानं 'सी' वाजवला तर बाहेर काळी पाच ऐकू येते. म्हणून फ्लॅटच्या पट्ट्या त्यांना सोयीच्या. गायिकेनं पांढरी तीन मागितली, तर ट्रंपेटवाल्याला सहा शार्पच्या पट्टीत बोटं फिरवावी लागतात. तरीही पट्टी तिच्या गळ्याची असते, वादकाच्या सोयीची नसते. त्यामुळे चांगल्या वादकाला एकच गाणं बाराही पट्ट्यांत येत असावं लागतं. हे पुस्तकातून येत नाही. रोज रात्री कुणासाठी तरी वाजवल्यानं येतं.

चालही समजून घेण्यासारखी आहे. जुन्या गाण्यांचा साचा बहुधा बत्तीस मात्राखंडांचा, आठ-आठचे चार भाग. गायिका एकदा पूर्ण गाते, मग एकेक वादक त्याच आवर्तनावर आपलं काही सांगतो. नंतर चार-चार खंडांची देवाणघेवाण होते, आपल्या सवाल-जवाबासारखी. तिला परत मुखड्यावर यायचं असलं तर ती डोक्यावर टपली मारते, शेवट करायचा असला तर मूठ वर धरते. आपण सम धरून टाळी देतो, हे लोक दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर चुटकी वाजवतात. तो तोल एकदा अंगात आला, की ऐकणाराही खुर्चीत नीट बसू शकत नाही.

मुंबईच्या जॅझचा अधिकृत इतिहास थोडक्यात असा. 1935 मध्ये लिऑन ॲबी हा आफ्रिकी-अमेरिकी वादक आपला ताफा घेऊन ताजमध्ये आला. नंतर टेडी वेदरफर्ड आला. त्यांच्या शेजारी बसून शिकले ते गोव्याचे वादक. त्यांना चर्चच्या शाळांत लहानपणीच स्वरलिपी आणि व्हायोलिन शिकवलेलं असे, आणि मुंबईत धोबीतलावच्या कुडांत, म्हणजे गावाच्या सामाईक वसतिघरांत, त्यांच्या गावकऱ्यांचा आसरा असे. हळदोण्याचा आंतोनियो झेवियर वाझ म्हणजे ट्रंपेटवाला चिक चॉकलेट, हा त्यांतला मोठा. मराठी वाचकाला तो नावानं नाही तरी कानानं माहीत आहे. पुणतांब्याचे सी. रामचंद्र यांनी 'अलबेला'त, 1951 मध्ये, 'शोला जो भडके'साठी त्यालाच बरोबर घेतलं, आणि पडद्यावरही तो आपल्या बँडसह दिसतो.

माझं मन मात्र लॉर्ना कोर्देरोपाशी थांबतं. साठच्या दशकात चर्चगेटच्या ॲस्टोरिया हॉटेलातल्या 'व्हेनिस'मध्ये ती गायची, मडगावच्या ख्रिस पेरीच्या बँडबरोबर. पेरी ट्रंपेटही वाजवायचा आणि सॅक्सोफोनही. गाणी लिहायचा, चाली बांधायचा, बँड कडक शिस्तीत ठेवायचा. इंग्रजी गाण्यांनी रात्र सुरू करणाऱ्या या जोडीनं कोकणीत जे केलं ते मला त्याहून मोठं वाटतं. 'बेबदो', 'पिसो', 'नाचोंया कुंपासार' या तबकड्या ऐका. जॅझच्या फुंकवाद्यांची ठेवण आणि चा-चा-चाचा ठेका आहे, पण बोली घरची आहे. लॉर्नाचा आवाज गोड म्हणावा असा नाही. तो भरदार आहे, किंचित खरखरीत, आणि ट्रंपेट मोठा झाला तरी त्याखाली दबत नाही. दोन फुंकवाद्यांच्या मध्ये ती ओळ किंचित उशिरा सोडते आणि बँड तिच्यासाठी थांबतो. ते थांबणं, माझ्या मते, या साऱ्या कलेचा गाभा आहे.

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला ही जोडी तुटली. लॉर्ना वीस वर्षांहून अधिक काळ गायलीच नाही. 1995 मध्ये रॉनी मोन्सेरात यांनी तिला पुन्हा माइकपुढे आणलं आणि गोव्यानं तिला डोक्यावर घेतलं. पेरी 2002 मध्ये गेले. बार्द्रॉय बार्रेटो यांच्या 'नाचोंया कुंपासार' या चित्रपटाची प्रेरणा ही जोडीच आहे. त्यात पेरींची गाणी नव्यानं वाजवून घेतली आहेत आणि त्याला कोकणी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

एवढं सांगून लेख संपला असता, पण काळजी इथूनच सुरू होते. लॉर्ना घडली ती रोजच्या नोकरीमुळे. बँडला हॉटेलात महिनोन्‌महिने काम असे, दिवसा तेच वादक चित्रपटांच्या स्टुडिओत बसत, रात्री पुन्हा मंचावर. ही साखळी एकेका कडीनं निखळली. डिस्को आणि तबकड्या लावणारा माणूस बँडपेक्षा स्वस्त पडला. ऐंशीच्या दशकात स्टुडिओत सिंथेसायझर आला आणि फुंकवाद्यांची रांग रिकामी झाली. मरीन ड्राइव्हवरच्या सूना महालातलं 'टॉक ऑफ द टाउन' पुढे 'नॉट जस्ट जॅझ बाय द बे' झालं आणि आता तिथे पिझ्झा मिळतो. 1978 पासून 'जॅझ यात्रा' या महोत्सवानं जगभरचे कलावंत रंगभवनात आणले. तेच रंगभवन रुग्णालयं आणि महाविद्यालय जवळ असल्यानं शांतता क्षेत्रात गेलं आणि खुल्या आकाशाखालचं मुंबईतलं ते हक्काचं व्यासपीठ बंद पडलं. रुग्णाला झोप हवी, हे मला मान्य आहे. पण शहरानं त्याच्या बदल्यात तसं दुसरं स्वस्त मैदान उभं केलं नाही, हे मला खटकतं.

आज राष्ट्रीय संगीत नाट्य केंद्रात जॅझ होतं, चांगलं होतं, तरुण गायिकाही तयारीच्या आहेत. पण कोंबो त्या एका संध्याकाळपुरता जमतो आणि पांगतो. छोट्या कार्यक्रमाला तर चार माणसांचे पैसे परवडत नाहीत, म्हणून गायिका तयार ट्रॅकवर गाते. ट्रॅक तिच्यासाठी थांबत नाही. तिला खोकला आला, शब्द विसरला, एखादी ओळ आज जास्त लांबवावीशी वाटली, तरी तो पुढेच जातो. पाठीमागे बोटं दाखवायला तिथे कुणी नसतं.

आमच्या नंदुरबार जिल्ह्यात, अक्कलकुव्यापुढे गुजरातच्या हद्दीजवळ असलेल्या खापरला जॅझ नाही, पण हे दुःख तिथेही कळतं. आदिवासी लग्नांत टिमली आणि रोडालीच्या चालींवर गाडीवरचा बँड वाजतो. कीबोर्ड, ऑक्टोपॅड आणि माइक धरलेला गाणारा. नाचणारे दमले की गाणारा वादकाकडे बघतो आणि चाल उतरते. वरात रंगली की तीच ओळ पुन्हा पुन्हा येते. व्हेनिसमधलं काम आणि हे काम एकाच जातीचं आहे असं मी ठामपणे म्हणतो. दोन्हीकडे गाणारा समोरच्या माणसांकडे पाहून गाणं घडवतो आणि वादक त्याच्याकडे पाहून. काठी गावच्या होळीत रात्रभर घुमणारे ढोलही असेच एकमेकांना ऐकत वाजतात. पण गावोगावी डीजेच्या भिंती उभ्या राहताहेत, आणि एका पेनड्राइव्हपुढे पाच माणसांची बिदागी लोकांना महाग वाटू लागली आहे. बँडमधल्या या मुलांनी जे कमावलंय ते कुठे लिहून ठेवलेलं नाही. दोन-तीन लग्नसराया काम मिळालं नाही, तर ते ऊसतोडीला किंवा सुरतेला कामाला जातील, आणि गाणाऱ्याची नजर ओळखणारे हात पुन्हा तयार व्हायला वर्षं लागतील.

म्हणून घरात लग्न काढाल तेव्हा वाजवणारी माणसं बोलवा. त्यांना ठरलेले पैसे वेळेवर द्या, जेवायला पंगतीत बसवा. मुंबईत असाल तर महिन्यातून एक संध्याकाळ तिकीट काढून कोंबो ऐका, आणि मधल्या एकट्या वादनानंतर टाळी द्यायला विसरू नका.