आपल्या मित्रांनाच जास्त मित्र का?

समजा, सकाळी बीबीच्या थांब्यावरून लोणारकडे दोन एस.टी. गाड्या सुटल्या. एकीत ६० प्रवासी, दुसरीत १०. सरासरी झाली ३५. आता प्रत्येक प्रवाशाला विचारा, "तुमच्या गाडीत किती माणसे होती?" साठ जण सांगतील ६०, दहा जण सांगतील १०. या ७० उत्तरांची सरासरी येते जवळजवळ ५३! खोटे कोणीच बोलले नाही. पण गर्दी अनुभवणारेच संख्येने जास्त, म्हणून उत्तर फुगले.

विद्यार्थिमित्रहो, मैत्रीतही असेच घडते. रात्री मोबाइल पाहताना 'सर्वांना माझ्यापेक्षा जास्त मित्र आहेत, मीच कोणाला नको आहे' असे तुम्हाला कधी वाटले आहे काय? मग कागद-पेन्सिल घ्या.

अ, ब, क, ड, इ असे पाच ठिपके काढा. मैत्री म्हणजे दोन ठिपक्यांना जोडणारी रेषा. अ ला इतर चौघांशी जोडा. ब आणि क यांनाही एकमेकांशी जोडा. आता अ चे मित्र ४, ब व क चे प्रत्येकी २, ड व इ चा प्रत्येकी १. सरासरी २. पण प्रत्येकाच्या मित्रांना सरासरी किती मित्र आहेत? अ च्या मित्रांना दीड, ब व क च्या मित्रांना ३, ड व इ च्या मित्राला ४. म्हणजे पाचांपैकी चौघांना वाटणार, 'मीच मागे!' कारण सोपे आहे. ज्याला मित्र अधिक, तो अधिक जणांच्या यादीत येतो आणि पुन्हा पुन्हा मोजला जातो.

समाजशास्त्रज्ञ स्कॉट फेल्ड यांनी हे १९९१ साली दाखवून दिले. २०११ मध्ये फेसबुकच्या सुमारे ७२ कोटी सभासदांचा अभ्यास झाला. तेव्हा सभासदाला सरासरी १९० मित्र होते, तर त्याच्या मित्रांना सरासरी ६३५! शंभरातील ९३ जणांचे मित्र त्यांच्या मित्रांच्या सरासरीपेक्षा कमी भरले. हे ९३ जण काय नालायक होते?

त्यात आणखी एक भर पडते. पडद्यावर सहलीचे, वाढदिवसाचे फोटो येतात. गणितात नापास झालेला दिवस कोणी टाकत नाही. वाणी तोलण्यापूर्वी तराजूचा पासंग पाहतो. स्वतःची किंमत या तराजूत तोलण्यापूर्वी आपणही तो पाहायला नको काय?

सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव येथे २०२२ साली ग्रामस्थांनी एक प्रघात पाडला. सायंकाळी ७ वाजता भोंगा वाजला की दीड तास टीव्ही व मोबाइल बंद! असा दीड तास आपणही ठरवू शकतो. मात्र सगळेच दुःख गणिताने सुटत नाही. मन फारच जड झाले तर आईवडिलांशी, शिक्षकांशी जरूर बोला.

आता एक कोडे. मित्रांच्या सरासऱ्यांची सरासरी मूळ सरासरीपेक्षा कमी येईल, अशी आकृती काढता येते का पाहा. कितीही रेषा मारा, जमणार नाही! का, ते शोधा. अट एकच: एकही ठिपका एकटा ठेवायचा नाही.